मनाची तयारी

खेड्यातला पुरुष बाईचा हुकूम ऐकत नाही, हा शोध अखेर दिल्लीत लागला. 1992 पासून लष्करात वैद्यकीय सेवेबाहेरही बायका अधिकारी होतायत. त्यांच्या हाती तुकडी द्यायची का, यावर मात्र 2020 पर्यंत कोर्टकचेरी चालली आणि तिथे सरकारतर्फे गंभीर चेहऱ्याने सांगण्यात आलं: जवान बहुतेक ग्रामीण भागातले, बाईचं नेतृत्व मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. म्हणजे साहेबलोक केव्हाचे तयार होते. घोडं अडलं ते आमच्या मोखाड्याच्या पोरापाशी!

फेब्रुवारी 2020 मध्ये कोर्टाने हे कारण निकालात काढलं. चर्चेला बसणाऱ्या मिशाळ मंडळींच्या तोंडून ते अजून निघालेलं नाही. तेव्हा पोराचं मन तपासूच.

जव्हार-मोखाड्याकडे वारल्यांचं लग्न लावतं कोण? धवलेरी. म्हणजे बाई. तिची गाणी होईस्तोवर लग्न लागत नाही. नवरदेव, वाजंत्री, दोन्हीकडचे पाव्हणे, सगळे तिच्या तालावर. मनाची तयारी नाही म्हणून कुणी मांडवातून उठून गेल्याचं ऐकिवात नाही. असा मुरलेला गडी भरतीला येतो, सोळाशे मीटर धावतो, छाती फुगवून दाखवतो आणि तुम्ही शेरा मारता, बाईपुढे कच्चा! छाती सेंटिमीटरात मोजलीत, मन कशात मोजलंत? टेप नेमकी कुठे लावली? की पंख्याखाली बसून स्वतःच्याच मनाचं माप घेतलंत आणि कागदावर नाव गड्याचं टाकलंत?

आणि म्हणे बायकांना रात्रीबेरात्रीची कामं झेपायची नाहीत. पावसाळ्यात मोखाड्यावर आभाळ फाटतं, तरी एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या बायका मध्यरात्री विहिरीवर झरा पाझरायची वाट बघत बसतात. मग हंड्यावर हंडा घेऊन अंधारात चढण. इतकी वर्षं ही रात्रपाळी चालू आहे. तिच्या सुरक्षिततेची, नाजूक प्रकृतीची, संसाराची काळजी वाहणारा एक मिशाळ तिथे बॅटरी घेऊन उभा राहिलेला नाही. टँकरचा पत्ता नसतो तेव्हा बाई पोलादी, कमांडची खुर्ची दिसली की लगेच अबला. लाज वाटायला हवी.

मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडली. आमच्या पोरांची चिंता सोडा, ती कडक सॅल्यूट ठोकतील. भरती वरच्या मजल्यावर काढा. मनाची चाचणी तिथे घ्या.