गृहस्थ दुरुस्तीकाराने स्पीकरचा कपॅसिटर कसा निवडावा

संगणकाच्या जुन्या स्पीकरमधून गाणे लावण्याआधीच ‘घूं’ असा सूर येऊ लागला, आणि आवाजाचे बटण शून्यावर नेल्यानंतरही तो तसाच राहिला, तर दोष बहुधा फिल्टर-कपॅसिटरचा असतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर व डायोडमधून आलेल्या विजेतील, सेकंदाला शंभर वेळा होणारी चढउतार सपाट करणाऱ्या त्या लहानशा ॲल्युमिनियमच्या डबीचा, जिच्या आतील द्रवाने भिजलेला कागद कालांतराने सुकतो. हा सूर ऐकून ‘नवे आणू या’ म्हणणारी एक व्यक्ती व ‘दहा रुपयांचे काम आहे’ म्हणणारी दुसरी व्यक्ती ज्या घरात एकत्र नांदतात, तेथील दुसऱ्या व्यक्तीसाठी पुढील नियम आहेत.

डबीचे डोके फुगले असल्यास निदान पक्के समजावे; मात्र न फुगलेली डबीही निकामी असू शकते, आणि बुडाशी दिसणारा तपकिरी थर हा गळलेला द्रव नसून कारखान्यात लावलेला डिंकही असू शकतो.

व्होल्टेजचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्ट लिहिलेले असले तरी त्या विजेचे शिखर सुमारे १७ व्होल्टांवर असते, डायोडांत दीडएक व्होल्ट खर्ची पडून साडेपंधरा उरतात, आणि स्पीकर गप्प असताना किंवा घरातील वीज २३० व्होल्टांच्या वर गेली असता हा आकडा आणखी चढतो. अशा जागी १६ व्होल्टांचा कपॅसिटर बसवणाऱ्या निर्मात्याने नेमके किती पैसे वाचवले, याचा विचार दुरुस्तीकाराने करू नये, कारण त्याने केवळ रक्तदाब वाढतो. मुकाट्याने २५ व्होल्टांचा घ्यावा. तो मूळ डबीपेक्षा जाड व उंच निघतो, खोक्याचे झाकण बसत नाही, आणि मग त्यास आडवा निजवून गरम गोंदाने चिकटवावे लागते. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी जागेची उंची पट्टीने मोजावी, असे सर्वांना सांगितले जाते व कोणीही मोजत नाही.

क्षमता, म्हणजे मायक्रोफॅरडचा आकडा, मूळचाच ठेवावा. ४७०० च्या जागी १०००० बसवल्यास आवाज दुप्पट भारदस्त होतो ही श्रद्धा असून, प्रत्यक्षात बटण दाबताक्षणी डायोडांवर पडणारा भार तेवढा वाढतो.

तापमान १०५ अंशांचे घ्यावे.

डबीवरील पट्टा ऋण टोक दाखवतो. उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो.

खरेदीसाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड प्रशस्त होय. तेथे एकच नग मागणाऱ्या ग्राहकाकडे ज्या नजरेने पाहिले जाते तिच्यामुळे दहा घेतले जातात, आणि उरलेले नऊ श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, बंद पडलेल्या टीव्हीतून उपटून ठेवलेल्या कपॅसिटरांच्या सहवासात जातात. उपटलेले कपॅसिटर वापरू नयेत, हा नियम निरपवाद आहे. दुकान बंद असलेला रविवार तेवढा वगळावा. मोठ्या डबीत लहान डबी दडवलेला बनावट मालही मिळतो, तेव्हा आकाराच्या मानाने फारच हलका लागणारा नग परत करावा.

‘घूं’ थांबल्यावर बटण फिरवताना खरखर ऐकू येते. तो दोष बटणाखालच्या व्हॉल्यूम कंट्रोलचा असून त्याचा कपॅसिटरशी काही संबंध नसतो, आणि ही माहिती ‘झाले का एकदाचे’ असे विचारणाऱ्या व्यक्तीस त्याच संध्याकाळी देऊ नये.