गंधर्वांची जमाबंदी

ज्या गृहस्थाच्या संगणकात सीडींवरून उतरवलेल्या, मित्रांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या आणि कोठून आल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही अशा एमपी३ फायलींची काही सहस्रे साठली आहेत, आणि त्यांतील निम्म्यांचे नाव 'ट्रॅक ०१' असल्यामुळे यमन ऐकावा म्हणून कळ दाबली असता लावणी सुरू होते, त्याने कामास हात घालण्यापूर्वी एक तत्त्व मनात पक्के करावे. ते असे की, फायलीचे नाव आणि फायलीच्या पोटातला टॅग ही दोन स्वतंत्र दप्तरे असून त्यांचा आपापसांत काडीचाही पत्रव्यवहार नसतो. नाव कोणीही येताजाता बदलतो; टॅग फायलीबरोबर गावोगाव हिंडतो. म्हणून जाणता मनुष्य आधी टॅग शुद्ध करतो आणि मग त्या टॅगवरूनच नावे पाडून घेतो. उलट क्रमाने जाणाऱ्याच्या नशिबी तीच कारकुनी दुसऱ्यांदा येते.

या शास्त्राचा उगम शोधू गेल्यास १९०२ सालच्या कलकत्त्यापर्यंत मागे जावे लागेल. तेथे ग्रामोफोन कंपनीसाठी गाताना गौहरजानने गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जात, आणि तेथील जर्मन कारागिरांना कोणती बाई गाते आहे हे कळावे एवढ्यासाठी ही तजवीज होती, असे सांगतात. टॅग गाण्याच्या शेवटी असावा ही प्रथा तेव्हाची म्हणावी, कारण १९९६ साली एरिक केंप यांनी आयडी३ नावाचा जो नमुना काढला तोही फायलीच्या अखेरीस १२८ बाइटांत बसवलेला होता. शीर्षकाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि गानप्रकाराला एक आकडा, असा तो काटकसरी फॉर्म होता. गानप्रकारांची मूळ यादी ८० नोंदींची. तीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे, 'प्रँक्स' म्हणजे थट्टामस्करी आहे, 'नॉइज' म्हणजे निव्वळ गोंगाटही आहे. नाट्यसंगीत, अभंग, भावगीत यांची मात्र गंधवार्ता नाही, आणि साधकाने आपला सारा वारसा 'एथ्निक' या रकान्यात कोंबावा अशी अपेक्षा आहे. पुढे १९९८ साली दुसरी आवृत्ती निघाली, तीत गानप्रकार स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची मुभा मिळाली आणि देवनागरीचीही सोय झाली. साधकाने हीच आवृत्ती वापरावी आणि 'एथ्निक' हा शब्द आपल्या संग्रहातून हद्दपार करावा.

आता कलाकाराचा रकाना. येथे आपल्या संस्कृतीची खरी कसोटी लागते. एकाच गायकाच्या फायली 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि 'स्वरभास्कर' या चार नावांनी चार ठिकाणी विखुरलेल्या सापडतात. यंत्राच्या लेखी ही चार निराळी माणसे असून त्यांचा परस्परांशी परिचयही नाही. सर्वांना 'पंडित' लावावे, तर अर्धे हिंदुस्थानी संगीत 'प' या एका अक्षराखाली दाटीवाटीने उभे राहते. पदवी काढावी, तर घरातील वडीलधारी मंडळी खांद्यावरून डोकावून म्हणतात, "अरे, नुसतं भीमसेन? तुझ्या वर्गातला आहे का तो?" बरे, पदवी ठेवण्याच्या हौसेला जुन्या आवृत्तीने काय शासन केले आहे तेही पाहावे. 'भारतरत्न पंडित भीमसेन जोशी' ही अक्षरे रोमन लिपीत मोकळ्या जागांसह ३२ भरतात; तिसाव्यानंतरची दोन गळतात, आणि गदगचे जोशी पाहता पाहता गोव्याचे जोस होऊन बसतात. या पेचातून वाट एकच: दुसऱ्या आवृत्तीत क्रमवारीसाठी कलाकाराचा वेगळा रकाना आहे, त्यात 'जोशी, भीमसेन' असे रुक्षपणे लिहावे आणि दर्शनी रकान्यात हवी तेवढी भक्ती करावी.

गंधर्वांचा प्रश्न याहून बिकट आहे. शोधाच्या चौकटीत 'गंधर्व' टाकले असता नारायण श्रीपाद राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, शिवपुत्र कोमकली आणि सौदागर नागनाथ गोरे असे चार गृहस्थ, म्हणजे अनुक्रमे बाल, सवाई, कुमार आणि छोटा, एकदमच हजर होतात. शिवाय पुण्यातील महोत्सवात कोणीतरी ध्वनिमुद्रित केलेल्या मैफली 'सवाई' या नावाखाली सामील होऊन कुंदगोळकरांच्या खात्यावर असे अनेक राग जमा करतात की जे त्यांच्या निधनानंतर जन्मलेल्या गायकांनी गायिलेले असतात. महोत्सवाचे नाव अल्बमच्या रकान्यात आणि गाणाऱ्याचे कलाकाराच्या, एवढी शिस्त पाळली तरी हा गैरकारभार थांबतो.

नाट्यपदाशी आल्यावर मात्र शिस्तही अपुरी पडते. 'मानापमान' १९११ चे. पद खाडिलकरांचे, चाल गोविंदराव टेंब्यांची, रंगमंचावर गाणारी भामिनी, आणि भामिनीच्या वेषात बालगंधर्व. यांपैकी 'कलाकार' कोण? पुढे तेच पद अन्य कोणी मैफलीत आळवले, तर 'वर्ष' या रकान्यात नाटकाचे साल लिहावे, तबकडीचे की सीडीचे? माझ्या मते ज्या दिवशी तो आवाज मुद्रित झाला त्या दिवसाचे साल ग्राह्य धरावे. सीडीवर छापलेले साल हे व्यापाऱ्याचे असते. संगीतकार आणि गीतकार यांसाठी नव्या आवृत्तीत स्वतंत्र रकाने आहेत, ते तेवढे न विसरता भरावेत. माडगूळकरांसारख्या कवीच्या शेकडो रचना ज्या संग्रहात आहेत त्यात त्यांचे नाव एकदाही सापडू नये, हा अन्याय केवळ आळसापोटी घडत असतो.

रागासाठी राखीव रकाना मात्र नव्या नमुन्यातही नाही. पाश्चात्त्यांच्या स्वरपट्टीसाठी एक रकाना राखून ठेवलेला दिसतो, त्यात काही भाविक लोक 'मारवा' लिहितात आणि यंत्र ते मुकाट्याने गिळते. पण ही वहिवाट बरी नव्हे. शीर्षकात आधी राग, मग बंदिशीचे शब्द, मग लय आणि ताल, असा क्रम ठेवला की रागवार फायली आपोआप एकत्र येतात. ज्यांचा संग्रह फ्लॅक या जातीच्या फायलींचा आहे ते भाग्यवान, कारण तेथे मनाला येईल त्या नावाचा रकाना काढता येतो. त्यांनी रोमन लिपीत 'राग' नावाचा काढावा. 'घराणे' नावाचा काढू नये. त्यावरून भांडणे होतात.

क्रमांकाविषयी एकच आज्ञा: आरंभी शून्य लावावे. 'गीतरामायणा'ची गीते ५६. शून्य न लावल्यास मोटारीतील साधे यंत्र त्यांची मांडणी अक्षरांच्या न्यायाने करते, म्हणजे १ नंतर १०, मग ११, आणि १९ झाल्यावर २. रामजन्माचे गीत सहावे. ते ५६ च्याही पाठीमागे जाऊन पडते. परिणामी पुण्याहून सहकुटुंब कोकणात उतरणाऱ्या श्रोत्याला सीतास्वयंवर, वनवास, लंकादहन आणि रावणवध हे सर्व यथासांग पार पडल्यावर, घाट उतरून गाव दिसू लागण्याच्या सुमारास, प्रभू रामचंद्र जन्मास आल्याची वार्ता मिळते, आणि त्यानंतर ताटिका येते.

एवढे साधले की नावे पाडण्याचे काम यंत्रावर सोपवावे. एमपी३टॅग नावाच्या जर्मन कार्यक्रमात टक्केचिन्हांच्या कोंदणात 'ट्रॅक', मग आडवी रेघ, मग तशाच कोंदणात 'टायटल' असा मसुदा रोमन लिपीत लिहून हुकूम सोडला की हजारो फायलींचे बारसे निमिषार्धात उरकते. हुकमापूर्वी मूळ संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि पूर्वावलोकनाची चौकट शांतपणे वाचावी, हे सांगणे आलेच. विंडोजला फायलीच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम आणि तिरपी रेघ मंजूर नाहीत. प्रियकराला आणि विठ्ठलाला सारख्याच हक्काने प्रश्न विचारणाऱ्या आपल्या गीतांतील सारे प्रश्न त्यामुळे नावात तरी विधाने होऊन बसतात. टॅगमध्ये प्रश्नचिन्ह राहू द्यावे.

ती हद्दपार झालेली प्रश्नचिन्हे वाया जात नाहीत. आपला सुव्यवस्थित, देवनागरीत नटलेला संग्रह एखाद्या आप्ताने मागून नेला आणि आपल्या जुन्या मोटारीत लावला की, ज्या यंत्राला आपली लिपी ठाऊकच नाही त्याच्या पडद्यावर ती सर्वच्या सर्व रांगेने उभी राहतात, आणि रात्री फोन येतो, "भाऊ, गाणी झकास आहेत, पण ही गातंय कोण?" त्याला नाव सांगावे, 'पंडित' लावून सांगावे, आणि पुढच्या खेपेस रोमन लिपीतली निराळी प्रत करून द्यावी, पदव्या गाळून, ३० अक्षरांच्या आत.