लेक टच

मे महिना लागला की आमच्या घरात पाण्याच्या दोन चर्चा सुरू होतात. टँकरची सोसायटीच्या बैठकीत आणि तळ्याची फॅमिली ग्रुपवर. यंदा नाशिकहून नणंद मुलांना घेऊन येणार होती. "दोन दिवस कुठेतरी पाण्याकाठी जाऊ या," एवढंच ती फोनवर म्हणाली, आणि पुढचे तीन आठवडे आम्ही पुण्यात राहून पाण्याकाठीच होतो.

नवऱ्याचं मत भंडारदऱ्याला. लहानपणी तो तिथे गेला होता आणि विल्सन धरण १९१० ते १९२६ असं सोळा वर्षं बांधत होते, हे तेव्हा ऐकलेलं त्याला अजून सांगायचं असतं. मला तापोळा हवं होतं, कारण तिथे फोनला रेंज नसेल अशी माझी भाबडी समजूत. शिवाय तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. आपल्याकडे एक डोंगर, चार होड्या आणि थोडी थंडी एका जागी सापडली की मिनी काश्मीर व्हायला वेळ लागत नाही. मुलांनी पवना धरून ठेवलं. तिथे कयाक होती, बार्बेक्यू होता, रात्री पडद्यावर सिनेमा होता. मोठ्यांची मतं फुटली की मुलांचं सरकार येतं, तसं ते आलं.

मग जाहिराती. लेक व्ह्यू, लेक फेसिंग, लेक साइड आणि सगळ्यात महाग ते लेक टच. सासूबाईंनी चष्मा लावून माझ्या फोनमध्ये पाहिलं. "लेक टच म्हणजे काय गं?"

"तळ्याला अगदी लागून, आई."

"मला तळं लागून नको. माझी खोली लेकीच्या खोलीला लागून असली म्हणजे झालं."

आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण फोन परत देताना म्हणाल्या, "आणि संडास कुठे ते विचार."

तंबू की खोली, यावर घर दुभंगलं. तंबूशिवाय कॅम्पिंग कसलं, हे नवऱ्याचं म्हणणं. त्याच्या गुडघ्यांचं म्हणणं वेगळं होतं, पण ते घरी कधी बोलत नाहीत, बाहेर गेल्यावर बोलतात. तिसरा पर्याय ए-फ्रेमचा, म्हणजे जमिनीपासून सुरू होणाऱ्या छपराचं त्रिकोणी खोपटं. फोटोत फारच गोड दिसतं. सासूबाई म्हणाल्या, "ह्यात ताठ उभं राहायचं ते मधोमध. कडेला सरकलं की नमस्कार."

फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी वहीत प्रश्न लिहून घेतले होते. पलीकडच्या माणसाकडे एकच उत्तर होतं, ते तो चाल बदलून देत होता. बाथरूम? आहे ना मॅडम. पंखा? आहे ना मॅडम. पाणी किती लांब? समोरच आहे ना मॅडम. आता समोर ही दिशा झाली, अंतर नव्हे. भंडारदऱ्याच्या बाजूने कळसूबाईही समोरच दिसते, १६४६ मीटर उंच. "गाणी रात्री दहाला बंद होतात ना?" असं विचारल्यावर मात्र तो प्रामाणिकपणे म्हणाला, "स्पीकर बंद होतो. मग गिटार." चेक-इन दुपारी चार, चेक-आउट सकाळी अकरा. एकोणीस तासांच्या मुक्कामासाठी मी त्याच्याशी सहा वेळा बोलले. अखेर एक पत्र्याच्या छपराची, आत संडास-बाथरूम असलेली खोली सासूबाई आणि नणंदेसाठी, आणि बाकीच्यांना तीन तंबू, असा तह झाला. ती खोली सगळ्यात महाग पडली. तिच्यातून तळ्याचा कोपराही दिसत नव्हता.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आणि ती जाहिरातीत कोणी लिहीतही नाही. आपल्याकडची मोठी तळी बहुतेक धरणांची आहेत. एक लोणार आहे, पण ते उल्केच्या आघातानं झालेलं. त्याच्या खाऱ्या पाण्याकाठी बार्बेक्यू कोण लावणार? बाकी जाहिरातीत ज्याला लेक म्हणतात त्याला पाटबंधारे खातं जलाशय म्हणतं आणि गावची माणसं नुसतं धरण. धरणाचं पाणी बघण्यासाठी साठवलेलं नसतं. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस पाणी पितो आणि इकडे कोणाचा तरी लेक व्ह्यू मागे सरकतो. पवनेचं पाणी नदीत सोडतात, ते पिंपरी-चिंचवडसाठी रावेतला उचलतात. म्हणजे तिकडे कोणी अंगण धुतलं की आपल्या तंबूपासून तळं बोटभर लांब. फोटो सगळे पावसाळा संपता संपतानाचे असतात. आम्ही गेलो मेच्या तिसऱ्या आठवड्यात.

मुलांनी तंबूपासून पाण्यापर्यंतची पावलं मोजली. चारशे बारा. फोटोत जिथे कयाक होती तिथे दोन म्हशी निवांत चरत होत्या. त्यांच्यापुढे भेगाळलेला गाळ, मग पाण्याची निळी पट्टी, तिच्यामागे तुंग आणि तिकोना. किल्ले तेवढे फोटोतल्या जागी होते. नवरा म्हणाला, "म्हणजे बघ, आपल्याला प्रायव्हेट बीच मिळाला."

सासूबाई तिकडे न बघता स्वयंपाकाच्या शेडमध्ये जाऊन बसल्या. तिथे त्यांच्याहून थोडी लहान एक बाई भाकऱ्या थापत होती. पाच मिनिटांत दोघींचं गुडघेदुखीवरून जमलं.

"तुमचं मूळ गाव कोणतं हो?"

"ह्येच की." तिनं पिठाच्या हातानं पाण्याकडे दाखवलं. "मी परकरात व्हते तवा गेलं."

या पवनेत उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "मग घरात विहीर होती?"

"व्हती. आता विहिरीतच गाव हाय."

दोघी हसल्या. मला हसावं की नाही कळेना, म्हणून मी कांदा चिरायला घेतला.

संध्याकाळी वळीव आला. दहाच मिनिटं, पण त्यानं वाऱ्याकडे तोंड करून लावलेले सगळे लेक टच तंबू ओळीनं वाकवले. आमचे चारशे बारा पावलं मागचे तंबू उंचवट्याला धरून होते, ते वाचले. एवढं शहाणपण आम्ही निवडताना दाखवलं होतं असं नवरा अजून सांगतो. पावसानंतर हवा गार झाली. मुलांनी आईशिवाय तंबूत झोपणार नाही म्हणून हट्ट धरला. नणंद तंबूत गेली. सासूबाईंनी खोलीत एकटीनं पाच मिनिटं काढली असतील. मग उशी काखोटीला मारून बाहेर आल्या. "पत्रा तापलाय," त्या म्हणाल्या, आणि वाकून, नमस्कार करत, लेकीच्या तंबूत शिरल्या. अशा रीतीनं ती महाग खोली नवऱ्याच्या गुडघ्यांना मिळाली. आणि पत्रा पावसानं चांगला गार झाला होता.

रात्री दोनला दार वाजलं. दोघी मायलेकी टॉर्च घेऊन उभ्या. आधी एक गेली, मग दुसरी. परत तंबूत जायचं सोडून आमच्याच पायरीवर टेकल्या. टॉर्च विझला. सोन्याचा भाव, नाशिकची धुणंवाली, कुठल्याशा चुलतजावेचं काहीतरी, असं एकात एक मिसळून खालच्या आवाजात चाललं होतं.

नवरा कुशीवर वळला. झोपेतच समाधानानं म्हणाला, "ऐक, पाण्याचा आवाज येतोय."

मी म्हटलं, "येतोय खरा."