माइंड कोच साहेबांस अनावृत पत्र

श्रीयुत माइंड कोच यांस,

विषय : आपल्या कृपेने बंद पडलेली एक गोळी.

नाशिकच्या एका पतसंस्थेतल्या कॅशियर बाई आपल्याला आठवत असतील. दहा सेशनचे पॅकेज, पैसे आगाऊ. वर्षभर त्यांच्या छातीत धडधड होती, रात्री तीनला जाग यायची, लिफ्टमध्ये श्वास कोंडायचा. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. सासूबाईंनी दृष्ट काढली. अखेर एका मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताविकाराचे निदान करून एस्सिटालोप्राम लिहून दिली आणि जोडीला थेरपी घ्या म्हणाले. कुणाकडे, ते सांगायला त्यांना सवड नव्हती. बाहेरचा बाक भरलेला होता. बाईंनी मोबाइलवर शोधले, तर पहिले नाव आपले. जाहिरातीला पैसे मोजले की नाव वर येते, त्याला पदवी लागत नाही.

पहिल्या सेशनला बराच वेळ आपणच बोललात. तेही चालले असते. तिसऱ्या सेशनला मात्र त्यांच्या पर्समधली गोळ्यांची पट्टी पाहून आपण फर्मावलेत, "हे केमिकल आधी बंद करा. मन हेच औषध." बाईंनी दुसऱ्याच दिवशी गोळी सोडली. दोन-तीन दिवसांत चक्कर, घाम, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. घाबरून त्यांनी आपल्याला मेसेज केला. उत्तरादाखल आपली व्हॉइस नोट आली, "छान! निगेटिव्ह एनर्जी बाहेर पडतेय." खाली कमळाचे चित्र.

एनर्जी नव्हे हो! ही गोळी एकदम सोडली की असे होऊ शकते. म्हणून तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. दोन वर्षांचे एम.फिल. करून भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी झालेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञसुद्धा गोळीच्या वाटेला जात नाहीत, डॉक्टरांना विचारा म्हणतात. आपण शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेत आणि डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन खोडलेत. माहीत नव्हते, तर बोललात कशाला? झटके आले त्या दिवशी बाई काउंटरवर नोटा मोजत होत्या, स्कूटरवरून घरी जाणार होत्या. काही झाले असते तर ती व्हॉइस नोट कुणाला ऐकवायची होती?

फीबद्दल बोलायला नको, ती बाईंच्याच खिशातून गेली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितले, पण नेहमीच्या पॉलिसीत ॲडमिट झाल्याशिवाय दमडी मिळत नाही आणि थेरपीसाठी कुणी ॲडमिट होत नाही.

एक मात्र खरे. पुण्यातली आयटीची नोकरी गेली, सहा महिने झोप उडाली आणि त्या कार्यशाळेने सावरले, हे आपण बाईंना सांगितलेत ते खोटे वाटत नाही. तेव्हा आपल्यालाही धड थेरपिस्ट मिळाला नसणार. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, विकार कोणता त्यानुसार, शंभर रुग्णांतल्या ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचे दिसले. आपणही त्याच गर्दीतले. रांग कंटाळवाणी म्हणून खिडकीपलीकडे जाऊन बसलात, एवढेच.

बाईंची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. थेरपिस्टही मिळाल्या, ऑनलाइन आणि मराठी बोलणाऱ्या. त्यांनी आधी स्वतःचा नोंदणी क्रमांक सांगितला, मग कमी बोलून पुष्कळ विचारले आणि गृहपाठ दिला : लिफ्टने रोज एक मजला, दार बंद होताना धडधड किती ते वहीत दहापैकी आकड्यात लिहायचे. पहिल्या दिवशी बाईंनी नऊ लिहिले. सध्या पाचवर आहे.

तेव्हा साहेब, उरलेल्या सात सेशनचे पैसे परत पाठवा, बाईंनी दोनदा मागितले आहेत. आणि पाटीवर नोंदणी क्रमांक लिहा. नसेल, तर तिथे १४४१६ लिहा. तो सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात आणि पैसे घेत नाहीत.