जिना नसलेली कादंबरी

दिवाळीत पुण्याहून आलेल्या वन्संनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी हातात ठेवली. मुखपृष्ठावर चांदणं, गवाक्षात ती, खाली घोड्यावर तो. "दुपारी लोळत वाच," म्हणाल्या. दुपारी लोळणं हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा लोकांचा पिढीजात हक्क. थंडी पडल्यावर उन्हात चटई टाकली, गजकेचा तुकडा तोंडात टाकला आणि कादंबरी उघडली.

दीडशे पानं झकास गेली. नजरानजरेला एक प्रकरण, बोटाला बोट लागायला दोन. १५३व्या पानावर नायक तिच्यासाठी पैंजण आणायला निघाला, आणि जाता जाता त्यानं सख्ख्या भावाचे डोळे काढवले. सळई किती तापली होती, इथपर्यंत तपशील! पान उलटलं, तर पुन्हा पैंजणांची छुमछुम. माझी गजक तोंडात तशीच राहिली.

तशी मी काही भित्री नाही. ग्वाल्हेरच्या माणसाच्या डोक्यावर जन्मभर किल्लाच असतो. त्याच्या पायथ्याशी गूजरी महाल. मानसिंह तोमरानं तो राई गावच्या गुजर मुलीसाठी, मृगनयनीसाठी बांधला. प्यायला माहेरचंच पाणी हवं, अशी म्हणे तिची अट होती. राजानं ते नळांतून आणवलं. आमच्या गल्लीत नळाला धो धो पाणी आलं, की मला अजून त्या राजाची आठवण येते. वृंदावनलाल वर्मांनी १९५०मध्ये तिच्यावर हिंदीत कादंबरी लिहिली. लढाया आणि मरणं तिच्यातही आहेत. मी शाळेत असताना ती वाचली, रडले, पण खाली ठेवली नाही.

आणि वर किल्ल्यात मानमंदिर महाल! बाहेरच्या निळ्या फरशांवर पिवळी बदकं शिस्तीत रांगेनं चाललेली. आत खाली तळघरं. गाईड छताच्या कड्या दाखवून सांगतो, इथे राण्यांचे झोपाळे टांगत. मग आवाज उतरवून सांगतो, पुढे मोगलांनी इथेच कैदी ठेवले. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद १६६१मध्ये याच किल्ल्यावर मारला गेला. झोपाळा आणि तुरुंग एकाच छताखाली बघत म्हातारी झालेल्या बाईनं एका सळईला का बिचकावं?

जिन्यासाठी. तळघरात उतरताना आधी उजेड कमी होतो. मग वटवाघळांचा वास येतो. जिना अरुंद होतो आणि गाईड म्हणतो, "माताजी, सिर बचाके." कैद्यांची गोष्ट येईपर्यंत आपण मान लववलेली असते. त्या कादंबरीत जिनाच नव्हता. बदकं बघत उभी होते, तर मागून कुणीतरी ढकललं आणि वर विचारलं, पैंजण आवडले का?

पुस्तक मिटून लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं. बरणी हलत होती, तिचं भलं झालं.

संध्याकाळी वन्संचा फोन. "झाली का गं वाचून?"

आता दिलेल्या भेटीला नावं कशी ठेवायची? चाचरतच म्हणाले, "१५३व्या पानावर आहे, वन्सं."

पलीकडे क्षणभर शांतता. "अगं, मीही तिथेच सोडली. म्हटलं, तुम्हा ग्वाल्हेरकरांना सवय असेल!"