शेवाळाचा वारसा

वारसाच्या कागदांत विहीर येते, कलमं येतात, पोटखराब्याचे गुंठेही येतात. मासे मात्र कुठेच येत नाहीत. काकांच्या मागे त्यांचं कोकणातलं घर माझ्याकडे आलं, तेव्हा परसदारी पोफळींच्या सावलीत असलेल्या जांभ्याच्या हौदाबद्दल आणि त्यात राहणाऱ्या सोनेरी, तांबूस व काही निव्वळ मातकट मंडळींबद्दल सरकारी कागदांनी मौन पाळलं होतं. काकांनीही पाळलं होतं. ते मुळातच कमी बोलत. समोरच्याने प्रश्न विचारला तर उत्तर देण्याऐवजी तो प्रश्न खरोखर गरजेचा होता का, याचा विचार करत बसत. दुपारची जेवणं उरकली की ते हौदाच्या काठावर जाऊन बसायचे. लहानपणी आम्हा मुलांना वाटायचं, की घरात शिल्लक राहिलेले शब्द ते तिथे नेऊन टाकतात आणि मासे ते वेचून खातात. म्हणूनच मासेही बोलत नसावेत.

असा हौद पदरात पडला, की सर्वप्रथम येतात ते सल्ले, आणि सगळ्यांचा अर्थ एकच असतो: घासा. हिरवं पाणी दिसलं, की आपल्याकडे माणसाचा हात आपोआप नारळाची शेंडी शोधू लागतो. आत्या आल्या आल्या म्हणाली, “भाऊ होता तोवर मी काही बोलले नाही. आता तरी एकदा उपसून घासून घे बाबा!” मेहुण्यांनी पंप सुचवला, शेजाऱ्यांनी ब्लीचिंग पावडर. एकाने तर आतून निळी फरशी बसवण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणजे मासे उठून दिसतील. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या भिंतीवरचं शेवाळ जुन्या नाटक कंपनीच्या मखमली पडद्यासारखं दिसतं. तो पडदा धुवायला टाकावा असं कुणालाही वाटावं, आणि पाण्यातल्या सगळ्या नाट्याचा शेवट नेमका तिथेच व्हावा.

कारण खरा संसार त्या बुळबुळीत थरात चाललेला असतो. मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि अमोनिया हे त्याच्यासाठी विष आहे. म्हणजे मासा जगता जगता स्वतःचंच घर विषारी करत असतो. (यात आपण त्याला हसावं असं फारसं काही नाही.) भिंतीवरच्या थरात राहणारे काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट शेवाळ व कुमुदिनी खाऊन टाकतात. नव्या हौदात हे बिऱ्हाड थाटायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या हौदात ते विरजणासारखं टिकून असतं. भांडं लख्ख घासलं, की पुढचं दही लागत नाही. म्हणजे काकांनी इतकी वर्षं सांभाळला तो हा निसरडा थर, आणि त्या थराने मासे सांभाळले. माझ्या वाट्याला आलेली सगळ्यांत मौल्यवान वस्तू हीच, आणि तिचं मूल्यांकन कुठल्याच मुद्रांक कार्यालयात होत नाही.

मासे पाळण्याची सुरुवात आपल्याकडे फार वरच्या पातळीवरून झालेली आहे. शतपथ ब्राह्मणात मनू हात धुवायला बसतो आणि ओंजळीत चिमुकला मासा येतो. मला सांभाळ, मी तुला तारीन, असं तो सांगतो. मनू त्याला घटात ठेवतो, घट पुरेना म्हणून खड्ड्यात, खड्डा पुरेना म्हणून थेट समुद्रात. नवशिक्याने यातून घ्यायचा बोध एवढाच, की मासा वाढतो आणि जागेचा हिशेब आधी करावा लागतो. बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि कुठल्या माशाला काय चारावं याचाही विचार आहे. अर्थात तो विनोद गळ टाकणाऱ्याचा होता. माशांना त्यात हसू आलं असेल असं वाटत नाही.

माझ्या हौदातल्या माशांना सोमेश्वरासारखा यजमान चालला असता, कारण त्यांना केव्हाही भूक असते. गोल्डफिशला जठरच नसतं. त्यामुळे पोट भरल्याचा दाखला त्याच्याकडून कधीच मिळत नाही. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाकावं. उरलेलं तळाशी कुजतं. पण पापण्या नसलेले ते डोळे सरळ रोखून बघत असताना हात आखडता घेणं हे अवघड काम आहे. पहिल्या दिवशी मी काठाकडे निघालो आणि अजून पाण्यापर्यंत पोचलोही नव्हतो, तोच सगळी मंडळी काकांच्या बसायच्या कोपऱ्यात गोळा झाली. या जातीच्या माशांत वाताशयापासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातली थरथर त्यांना नेमकी कळते. आणि आमच्या घराण्यात सगळे पुरुष डावी चप्पल फरफटत चालतात. माझं नाव तलाठ्याच्या दफ्तरात अजून चढायचं होतं. माशांनी वारसनोंद त्याआधीच करून टाकली.

आणि ते मातकट मासे? तेही गोल्डफिशच. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी अशाच मातकट माशांत अधूनमधून निपजणारे सोनेरी मासे लोकांनी निवडून वाढवले. आजही पिल्लं मळकट रंगाचीच जन्मतात. पुढे काही महिन्यांत बहुतेकांना सोनं चढतं, काही जन्मभर मूळ रंगातच राहतात. खंड्या आणि वंचक बगळा वरून बघतात तेव्हा त्यांना आधी सोनं दिसतं. मातकट म्हातारे होतात. काकाही आमच्या घरातले मातकटच होते. त्यांच्यावर कधी कुणी झेप घेतली नाही, कौतुकाचीसुद्धा नाही. त्यांच्याजवळ थोडा वेळ बसून बघायला हवं होतं, असं आता सगळेच म्हणतात.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या मागे तुमच्याकडे असा हौद आला, तर पहिला महिना काहीही करू नका. पाला पडेल तो काढा, वरून जाळी घाला, पाणी बदलायचंच झालं तर एका वेळी पाव हौदापेक्षा जास्त नको, आणि नळाचं असेल तर त्यातलं क्लोरिन उडेपर्यंत ते उघड्यावर ठेवा. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, तर ते भुकेने नव्हे; रात्रभर शेवाळानेही प्राणवायू वापरलेला असतो, म्हणून थोडं पाणी उंचावरून सोडा. बाकी काठावर बसा. शेंडी घेऊन कुणी आलंच, तर त्यांना आधी चहा द्या आणि मग घासायला घरातली तांब्या-पितळेची भांडी द्या.