ठसा उमटेना

आधार फुकट मिळतं, हे खरं. खर्च पुढे सुरू होतो. पॅन आणि आधार, दोन्ही कार्डं सरकारच्याच घरची. पण त्यांची एकमेकांशी ओळख आपणच करून द्यायची. तीही उशिरा करून दिली, तर जुलै २०२२ पासून विलंब शुल्क १००० रुपये. (लग्न जुळवणारा मध्यस्थ पैसे घेतो, इथे त्यानेच भरायचे!) त्यात एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. सोयरीक जुळणार कशी?

शेजारच्या आजी दुरुस्तीला गेल्या, तर जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या. मशीनने तीनदा नाकारलं. "बोटांना क्रीम लावा आजी, मंगळवारी या," ऑपरेटर म्हणाला. आजी येताना क्रीम घेऊन आल्या आणि त्याच दिवशी भांड्यांना बाई लावली.